यादी भिंतीवर लावा

काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रात्री मुंबई उपनगरातल्या एका डोंगरउतारावर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही काही जण पोळीभाजीची पाकिटं घेऊन तिथे पोचलो, तेव्हा चिखल उपसणं चालूच होतं. वर जाणारी पायवाट खचली होती. खाली, वस्तीच्या तोंडाशी, मंडळाच्या ऑफिसबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एक कर्मचारी पंचनामा लिहीत होते. मंडळाचे दोन कार्यकर्ते नावं सांगत होते आणि ते लिहून घेत होते.

त्या उतारावर आठ वर्षं राहिलेली, धुणीभांडी करणारी एक बाई त्या वेळी हॉस्पिटलमध्ये मुलाच्या उशाशी होती. ती तिसऱ्या दिवशी आली, तोवर यादी पूर्ण झाली होती. खोली भाड्याची आणि लाइटबिल मालकाच्या नावावर. मालक रस्त्यापलीकडच्या इमारतीत राहणारा. उतारावर त्याच्या अशा चार खोल्या होत्या आणि यादीत त्या चार खोल्यांपुढे त्याच्याच घरातली चार माणसं बाधित कुटुंबं म्हणून लिहिली गेली होती. बाईंचं नाव कुठेच नव्हतं. त्यांच्याकडे एकच कागद उरला होता. मे महिन्यात दारावर चिकटवलेली नोटीस: आपलं घर धोकादायक उतारावर आहे, पावसाळ्यापूर्वी रिकामं करावं. वाचता येत नसल्यामुळे मुलाकडून वाचून घ्यायला त्यांनी ती हलक्या हाताने सोलून काढली होती आणि पिशवीत जपून ठेवली होती, म्हणून ती वाचली. या दारामागे कोणी राहतं हे सरकारी यंत्रणेला मे महिन्यात माहीत होतं. जुलैत कोणाला आठवलं नाही.

ही गोष्ट कुठल्याही घोटाळ्याच्या बातमीत येणार नाही. रक्कम लहान, माणसं लहान. पण आपत्तीनंतरच्या घरकुल योजनांत मोठे गैरव्यवहार होतात तेव्हा त्यांची सुरुवात अशाच एखाद्या खुर्चीपाशी झालेली असते, हे मी त्या दिवसापासून मानते. लबाडी यादी लिहिताना होते आणि पहारा मात्र आपण पैसे देताना ठेवतो. तोवर खोटं नाव अधिकृत झालेलं असतं, आणि खरं नाव हातात कागद घेऊन टेबलांमागून टेबलं फिरत असतं.

रक्कम किती लहान ते आधी सांगायला हवं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळाच्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरवले गेले, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली असेल तर ६,५०० रुपये, कच्च्या घराची झाली असेल तर ४,०००, आणि झोपडीला ८,०००. वाहून गेलेल्या कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी आणखी २,५००. आता ‘पूर्ण’ आणि ‘अंशतः’ या दोन शब्दांमधलं अंतर पाहा. लाखाहून अधिक रुपयांचं हे अंतर एका माणसाच्या पेनाच्या टोकावर आहे. तो माणूस प्रामाणिक असू शकतो, बहुतेक वेळा असतोही. पण त्याने काय लिहिलं हे त्या घरात राहणाऱ्याला दिसतच नसेल, तर त्याच्या प्रामाणिकपणाला साक्षीदार कोण?

कायद्यात शिक्षा आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५२ नुसार खोटा दावा करून मदत लाटणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि दंडही. कलम ५३ मदतीचा पैसा वा सामान हडपणाऱ्यासाठी आहे, शिक्षा तेवढीच. पहिलं कलम अर्जदाराकडे रोखलेलं आहे, दुसरं मदत ज्यांच्या ताब्यात असते त्यांच्याकडे. कागदावर दोन्ही सारखी, पण ज्याच्या दाराशी सहज जाता येतं त्याच्याकडे तपास लवकर जातो आणि तो बहुधा अर्जदार असतो.

वरच्या टोकाला काय होऊ शकतं ते जालना जिल्ह्याने दाखवलं. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात कोट्यवधींचा अपहार उघडकीला आला. ज्यांचं नुकसान झालंच नव्हतं अशांची नावं याद्यांत भरून रक्कम वळवल्याचा आरोप झाला, तलाठ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, गुन्हे दाखल झाले. ती मदत पिकांची होती, घरांची नव्हती. पण पंचनामा तोच, यादी तशीच, आणि रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याची पद्धतही तीच. थेट खात्यात पैसे गेले की मधले दलाल संपतात असं आपल्याला गेली काही वर्षं सांगितलं जातं. खातं कोणाचं हे यादी ठरवते. यादीच खोटी असेल तर थेट हस्तांतरणाने खोट्या माणसाला पैसे जलद मिळतात, एवढाच फरक पडतो.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, आणि त्याचा संताप यायलाच हवा. पण त्या संतापातून आपण जो उपाय काढतो तो जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. घोटाळा उघड झाला की पुढच्या वेळी अर्जासोबत आणखी दोन कागद मागायचे, आणखी एका अधिकाऱ्याची सही वाढवायची. चिखलातून जीव वाचवून बाहेर आलेल्या माणसाकडे रेशनकार्ड नसतं. ज्याने ठरवून खोटा अर्ज केला आहे त्याची फाइल मात्र पहिल्याच दिवशी परिपूर्ण असते. कागद वाढवत गेलं की चाळणीतून खरी माणसं गळतात आणि खोटी वर राहतात.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण मला अमेरिकेत दिसतं. २००५ साली २६ जुलैच्या पावसात मुंबई बुडाली, त्यानंतर महिन्याभराने तिकडे कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं. सरकारने घाईने मदत वाटली. त्यांच्या संसदेच्या लेखातपासणी कार्यालयाने २००६ मध्ये अंदाज काढला की वैयक्तिक मदतीपैकी ६० कोटी ते १४० कोटी डॉलर चुकीच्या किंवा संशयास्पद अर्जांवर गेले होते, म्हणजे साधारण १६ टक्के. तुरुंगातल्या कैद्यांच्या नावावर भाड्याची मदत घेतली गेली होती. एका अर्जात नुकसान झालेल्या घराचा पत्ता म्हणून दफनभूमीचा पत्ता होता. पैसे देण्याआधी कोणी साधी पडताळणीसुद्धा केली नव्हती.

एवढंच वाचलं तर वाटेल, तपासणी कडक हवी होती. पण पुढे घडलं ते ऐकायला हवं. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुईझियानात घरं पुन्हा बांधण्यासाठी ‘रोड होम’ नावाची केंद्राच्या पैशाची मोठी योजना आली. पूर्वीच्या घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांपैकी जे कमी त्यावर मदतीचा हिशेब बसवला होता. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांच्या किमती आधीपासून पडलेल्या, त्यामुळे तेवढ्याच पडझडीला त्यांच्या हाती कमी पैसे आले. त्यावर खटला झाला आणि २०११ मध्ये तडजोड करावी लागली. याच योजनेत पुरापासून वाचण्यासाठी घराचं जोतं उंच करायला ३० हजार डॉलरपर्यंतचं जादा अनुदान होतं. दुरुस्तीलाच पैसे पुरत नव्हते, म्हणून अनेकांनी ते दुरुस्तीत घातले. योजनेच्या प्रतिनिधींनीच तसं करायला हरकत नाही असं सांगितल्याचं त्यांतल्या पुष्कळांचं म्हणणं होतं. २०१३ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात आलं की सुमारे २४ हजार घरमालकांनी घर उंच केल्याचा पुरावा दिलेला नाही, रक्कम ७० कोटी डॉलर. मग राज्याने हजारो पूरग्रस्तांवर वसुलीचे दावे लावले. म्हातारी माणसं, ज्यांनी ते पैसे खरोखर भिंती आणि छपरावर खर्च केले होते, ती कोर्टाच्या नोटिसा हातात घेऊन बसली. ते दावे मागे घेतले गेले फेब्रुवारी २०२३ मध्ये, वादळानंतर सतरा वर्षांनी.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपली असली तरी गोष्ट तिकडची आहे. देखरेखीवर तिथे पैसा कमी खर्च झाला असं नाही. सल्लागार कंपन्या होत्या, लेखापरीक्षक होते, अहवालांवर अहवाल होते. पण ती देखरेख उशिरा आली आणि आली ती खालच्या माणसाकडे तोंड करून. नियम धड न सांगणारी यंत्रणा, अपुऱ्या रकमेचा हिशेब बसवणारे, यांच्या दारात ती पोचायला फार वर्षं लागली.

आपल्याकडे याच्या उलट एक शहाणं पाऊल पडलेलं आहे, आणि त्याची आठवण फार कोणी काढत नाही. कोविडने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये देताना सर्वोच्च न्यायालयाने कागदांचा अडसर कमीत कमी ठेवायला लावला. पुढे खोट्या दाव्यांच्या तक्रारी आल्या. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्रासह चार राज्यांत ५ टक्के दाव्यांची नमुना तपासणी करायला केंद्राला परवानगी दिली आणि खोटा दावा करणाऱ्यासाठी कलम ५२ कडे बोट दाखवलं. काही दावे खोटे असू शकतात म्हणून सगळ्यांना रांगेत उभं केलं नाही. तातडीच्या मदतीसाठी हीच रीत योग्य आहे. ती आधी द्या, मग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दाव्यांची कसून तपासणी करा.

कायमच्या घराचं मात्र वेगळं आहे. तिथे महिने हातात असतात, रक्कम मोठी असते आणि दिलेलं घर परत घेणं जवळजवळ अशक्य असतं. तिथे यादी आधी पक्की व्हायला हवी आणि मुंबईत ती पक्की करणं गावापेक्षा कितीतरी अवघड आहे. माळीण असो, तळिये असो, इर्शाळवाडी असो, गावात कोण कोणाच्या घरात राहत होतं हे उरलेल्यांना ठाऊक असतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. त्या ५७ जणांची नावं सांगायला वाडीतली माणसं होती. आमच्या उतारांवर खालची खोली मालकाची, लोखंडी शिडीने वर चढलं की माळा भाडेकऱ्याचा, मागच्या पडवीत भाडेकऱ्याचा भाऊ. ड्रोनने फोटो काढला तर दिसतो निळ्या ताडपत्रीखालचा एक पत्रा. त्या एका पत्र्याखाली तीन चुली होत्या हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते कळतं समोरच्या किराणावाल्याला, नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना, अंगणवाडीच्या ताईंना.

त्यातच मुंबईत ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द प्रत्येक पुनर्वसनात आडवे येतात. १ जानेवारी २००० पूर्वीपासून राहतोस का, पुरावा काय, परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे पात्र झोपडीधारकांच्या अधिकृत यादीत, नाव आहे का. झोपडपट्टी पुनर्विकासासाठी आखलेली ही फूटपट्टी दरडीत घर गेलेल्या माणसाला लावली जाते तेव्हा प्रश्नच बदलतो. घर कोसळलं का आणि त्यात कोण राहत होतं, हे विचारायचं सोडून पंचवीस वर्षांपूर्वी इथे कोण होतं ते विचारलं जातं. पंचवीस वर्षांपूर्वीचा पुरावा असणारा बऱ्याचदा आता तिथे राहतच नसतो, त्याने खोली भाड्याने दिलेली असते. दरडीखाली सापडतो तो दुसराच. मालकाच्या भिंती गेल्या, त्याची भरपाई त्याला मिळू द्या. पण निवारा, भांडी, कपडे आणि पर्यायी घराच्या रांगेतली जागा त्या छपराखाली झोपणाऱ्याची आहे. यादीत हे दोन रकाने वेगळे नसतील तर मालकाला खोटं बोलावंसुद्धा लागत नाही, यादीच त्याच्या बाजूने बोलते.

घर मिळाल्यानंतर काय होतं, हेही मुंबई पन्नास वर्षं अनुभवते आहे. १९६९ च्या कायद्याने दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या दुरुस्तीची आणि पुनर्रचनेची व्यवस्था झाली. पडलेल्या वा पडायला आलेल्या चाळींतल्या लोकांसाठी संक्रमण शिबिरं आली. संक्रमण म्हणजे मधला काळ, पण तिथे एक अख्खी पिढी जन्मून मोठी झाली. मूळ रहिवासी वाट पाहत राहिले, काहींनी कंटाळून खोली कुलमुखत्यारपत्रावर विकली, रिकाम्या गाळ्यांत घुसखोर आले, आणि अखेर शिबिरांतल्या रहिवाशांची अ, ब, क अशी वर्गवारी करायची वेळ आली. ज्यांच्या इमारती पुन्हा उभ्या राहूच शकत नाहीत त्यांच्यासाठी बृहतसूची असते. तिच्यातल्या घरवाटपाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या आणि २०२३ च्या अखेरीस ते संगणकीय सोडतीने करायला सुरुवात झाली. सोडतीचं स्वागत आहे. पण सोडत ही क्रमात होणारी लबाडी रोखते. जे नाव मुळात सूचीत नको होतं ते सोडतीतही तितक्याच प्रामाणिकपणे निघतं.

कंत्राटाबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५० ने बचाव वा मदतकार्यासाठी तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. पूर आला असताना निविदेच्या मुदती मोजत बसता येत नाही, हे उघड आहे. पण घाईची ही सवय बचावकार्य संपल्यावर घरबांधणीत शिरली की धोका सुरू होतो. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. नवं गाव एप्रिल २०१७ मध्ये समारंभाने सोपवलं, आणि जूनच्या पहिल्याच जोरदार पावसात तिथले रस्ते खचले, भराव सरकला. डोंगराने एकदा गिळलेल्या माणसांनी पुन्हा भिंतींच्या भेगा पाहत रात्र काढायची, याहून मोठा विश्वासघात मला सुचत नाही. त्या बांधकामात लबाडी झाली असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणते की त्या घरांत राहायला जाणाऱ्यांना बांधकाम चालू असताना खडी, सिमेंट, भराव तपासून पाहायचा अधिकार होता आणि तो त्यांना कोणी सांगितला होता का, हे विचारायला हवं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात हा हक्क लिहिलेला आहे. सार्वजनिक कामाची पाहणी करता येते, इतकंच काय, वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागता येतात. त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की अनुदान योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील सरकारने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. म्हणजे यादी भिंतीवर लावा ही माझी मागणी नवी नाही. २००५ पासून ते कर्तव्यच आहे.

महालेखापरीक्षकांचे अहवाल महत्त्वाचे असतात, पण ते वरातीमागून येणारे घोडे आहेत. घरं वाटून झालेली असतात, अधिकारी बदलून गेलेले असतात. आपल्याच राज्याने याहून चांगलं केलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जे पुनर्वसन झालं, त्यात दोष होते. जमीन जास्त त्याला घर मोठं, असा निकष पूर्णपणे हलवलेल्या गावांत लावला गेला आणि जुनी उतरंड नव्या गावठाणात तशीच उतरली. पण जिथे लोकांनी आपली घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत करायची होती, त्या शेकडो गावांत स्थानिक बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं. योजना काय, हप्ता कधी, भूकंपाला टिकणारं बांधकाम कसं करायचं, हे त्या घरोघरी सांगत होत्या आणि कुठे काय अडलं ते वर कळवत होत्या. गुजरातमध्ये २००१ च्या भूकंपानंतर मदतीचा पुढचा हप्ता बांधकामाच्या टप्प्याला आणि अभियंत्याच्या तपासणीला जोडला होता. या दोन्ही ठिकाणी डोळा घरावर होता, अर्जदाराच्या कागदांवर नव्हता.

यावर मला ऐकू येणारा पहिला आक्षेप भांडणांचा आहे. यादी चौकात लावली तर वस्तीत मारामाऱ्या होतील, लोक एकमेकांची नावं कापायला लावतील. भांडणं होतील, हे मी मान्य करते. पण यादी लागल्यावर लगेच सर्वांसमोर झालेलं भांडण, वरिष्ठ अधिकारी आणि वस्तीतली चार जाणती माणसं बसून मिटवू शकतात. ते तेव्हा दाबलं तर पुढची वीस वर्षं कुजबुजत राहतं. दुसरा आक्षेप खासगीपणाचा आहे. तो गंभीर आहे. आधार क्रमांक, खाते क्रमांक, आजार, यांतलं काही भिंतीवर जाता कामा नये. खोली क्रमांक, मालकाचं नाव, राहणाऱ्याचं नाव, नुकसान पूर्ण की अंशतः, मंजूर रक्कम, आणि हरकत कोणाकडे व किती दिवसांत घ्यायची, एवढं पुरे. आणि ज्या वस्तीत दादाच्या विरोधात बोलायची कोणाची छाती नाही, तिथे नाव न देता हरकत टाकायची पेटी हवी. तिची किल्ली वॉर्डाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे असावी.

बाईंची नोटीस मी त्या दिवशी हातात घेऊन पाहिली होती. वर खोलीचा क्रमांक पेनाने घातलेला होता. म्हणजे मे महिन्यात कोणीतरी तो उतार चढलं होतं, दारोदार गेलं होतं, खोल्या मोजल्या होत्या. दरवर्षी जातं. मग त्याच फेरीत दार उघडणाऱ्याला विचारून घ्यायला काय हरकत आहे: इथे कोण राहतं, किती माणसं, खोली स्वतःची की भाड्याची, माळ्यावर कोण आहे? ती वही मे महिनाअखेर मंडळाच्या फळ्यावर लावावी, चुकलेली नावं जूनचा पाऊस लागण्याआधी घालून घ्यावीत आणि एक प्रत तहसीलदारांकडे बंद करून ठेवावी. दरड कोसळली तर पंचनामा त्या वहीवरून सुरू व्हावा. न कोसळली तर पुढच्या मे महिन्यात तीच वही घेऊन पुन्हा वर जावं.